नमुना घर

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी भामरेसाहेबांची बायको होते. सरकारी हुकमानं. आमच्याच कार्यालयातल्या सचिन पगारला आमचा मुलगा केलंय आणि पल्लवी शिरसाठला मुलगी. पल्लवी माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान असेल, पण तिला त्याचं काही नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन शेंगदाणे खाते आणि मला ‘मम्मी’ म्हणून छळते. चौघं मिळून आम्ही टीव्ही बघतो. मालिका लागली की डुलक्या घेतो, जाहिरात लागली की जागे होतो. याचा मला पगार मिळतो, आणि खरं सांगते, इतकं दमवणारं काम मी आयुष्यात केलं नाही.

प्रसारण समता मंडळ, नाशिक विभाग. मी हर्षला देवरे, तिथली ज्येष्ठ निरीक्षक. ज्या खोलीत आम्ही बसतो तिला कागदोपत्री ‘नमुना घर’ म्हणतात. जुन्या स्टोअररूमची भिंत पाडून केलंय. सोफा आहे, टीपॉय आहे, कोपऱ्यात ओटा, गॅस आणि फ्रिज आहे. भिंतीवरचा गणपतीचा फोटोसुद्धा निविदा काढून घेतलाय.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर जाहिराती आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत म्हणून. माझ्या लहानपणी एका साबणाची एकच जाहिरात असायची आणि तीच सगळ्या महाराष्ट्राला. आता कंपनी फक्त साबणाचं नाव आणि किंमत पाठवते. जाहिरात तयार होते ती तुमच्या घरात, तुमच्याच टीव्हीत. टीव्हीच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढा डोळा असतो आणि त्याहून बारीक कान. घरात माणसं किती, कोणत्या वयाची, बोलतात कशी, ओट्याच्या टाइल्स कोणत्या रंगाच्या, हे तो बघून ठेवतो. मग तशीच माणसं आणि तसाच ओटा चितारून अर्ध्या मिनिटाची गोष्ट रचतो. चेहरे अगदी तुमचे नसतात, पण तुमच्या नात्यातले शोभावेत इतपत जवळचे असतात.

आणि तुम्ही जाहिरात बघत असताना तो तुम्हाला बघत असतो. नजर कुठे खिळली, कुणी तोंड फिरवलं, कुणाचा आवाज चढला, आणि शेवटी घरात काय खरेदी झालं. त्यावरून पुढची जाहिरात सुधारतो. या यंत्रणेला कंपनीनं नाव दिलंय ‘आरसा’. ती जाहिरात कुणी माणूस लिहीतच नाही, त्यामुळे जाब तरी कुणाला विचारणार?

कायदा आला तो याच्याचसाठी. बायकांनी घासत बसायचं आणि पुरुषांनी शेवटी येऊन जड आवाजात शहाणपण सांगायचं, हे पुरे झालं. कामं दोघांत निम्मी निम्मी दिसली पाहिजेत. फार छान. पण लोकांच्या घरात शिरून टीव्ही तपासणार कोण? घरातली नोंद खासगी असते. म्हणून आम्ही खोटं कुटुंब होऊन बसायचं आणि आरसा आम्हाला काय दाखवतो ते टिपायचं.

आरसा आम्हाला काय दाखवत होता म्हणता? नुसता स्वर्ग! बाप लेकीची वेणी घालतोय. आजोबा पुरण वाटताहेत. करपलेली कढई एक मिशीवाला गडी गाणं म्हणत घासतोय, आणि त्याची बायको विजेच्या खांबावर चढून तारा जोडतेय. भामरेसाहेबांचा ऊर भरून यायचा.

“बघा देवरेबाई, समाज बदलतो तो असा,” ते म्हणायचे.

दिवाळीनंतर आरशाला पाच वर्षांचा ‘समतोल दाखला’ द्यायचा होता. एकदा दिला की पाच वर्षं कुणी विचारणार नाही. नाशिक विभागातर्फे त्यावर बाई म्हणून सही माझी हवी होती. मी करणारच होते. मला घरी जाऊन पोळ्या लाटायच्या असतात, मी कशाला आढेवेढे घेऊ?

आता माझ्या घरचं सांगते. नवरा पंकज, सहकारी बँकेत अधिकारी. सासूबाई. मुलगा अर्णव, दहावीतला. आणि ओवी, अकरा वर्षांची. ओवी जन्मापासून भांडकुदळ. आंब्याची फोड अर्णवला मोठी गेली तर पट्टी घेऊन मोजायची. शाळेत बाईंनी मुलींना रांगोळी काढायला लावलं आणि मुलांना खेळायला सोडलं, तेव्हा हिनं रांगोळीचा डबा बाईंच्या टेबलावर नेऊन आपटला. मला बोलावणं आलं. माझं डोकं उठायचं तिच्या भांडणांनी. आणि या उन्हाळ्यापासून ती भांडेनाशी झाली. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, “ओवी किती शहाणी झाली हो!” मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एका संध्याकाळी घरी आले, चपला काढत होते. अर्णव सोफ्यावर पसरला होता, ओवी खाली बसून गृहपाठ करत होती. टीव्हीवर भांड्यांच्या साबणाची जाहिरात लागली. त्यातली मुलगी कुरळ्या केसांची, पुढच्या दातांत फट असलेली. ओवीची चुलतबहीणच म्हणा. तिचा भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. ती हळूच त्याच्या हातातली रिकामी ताटली काढून घेते, त्यानं मागायच्या आत. आई येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवते. मग एक भारदस्त बुवा बोलतो, “घर सांभाळणाऱ्या हातांसाठी.”

आणि ओवी उठली. अर्णवच्या हातातली ताटली घेतली आणि आत गेली. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

“रोजच लागते ही,” खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. “तू कधी बघितली नाहीस?”

मी घरात टीव्हीकडे बघतच नाही. दिवसभर तेच केल्यावर कोण बघेल? पण तोच साबण आरसा आम्हाला कार्यालयात तो मिशीवाला गडी दाखवून विकत होता. ज्या यंत्रणेला मी पाच वर्षांचा दाखला देणार होते, ती माझ्या पोरीला माझ्याच घरात बसून वळण लावत होती.

दुसऱ्या दिवशी भामरेसाहेबांना सांगितलं.

“एखाद्या घरात असेल हो तसं,” ते म्हणाले. “आपल्याला सरासरी बघायची. आपल्याकडे तर सगळं ठीक आहे ना?”

ठीक होतं खरं. मला काही उलगडा होईना.

उलगडा झाला तो शिवदासमुळे. शिवदास आमचा शिपाई. भाचीच्या लग्नासाठी तो कळवणला गेला, आठवडाभराची रजा टाकून. पहिल्याच दुपारी चहाची वेळ झाली तशी नमुना घरातल्या चौघांनी दाराकडे बघितलं. दारात कुणी नाही. भामरेसाहेबांनी घसा खाकरला. सचिननं मोबाइल काढला. आणि मी आणि पल्लवी उठलो. कुणी सांगितलं नाही, आमचे पायच उठले. मी आधण ठेवलं, पल्लवीनं कप विसळले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर तर दाराकडे बघायचीही गरज उरली नाही.

आठवडा सरत आला आणि एक दिवस पल्लवी शेंगदाणे खाता खाता थांबली.

“मम्मी,” ती म्हणाली, “तो मिशीवाला कुठे गेला गं?”

टीव्हीवर तोच साबण होता. कढई घासत होती माझ्या वयाची एक बाई. शेजारी एक तरुण मुलगी फडक्यानं कप पुसत होती. सोफ्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ चहाची वाट बघत होता, आणि तो भामरेसाहेबांचा मावसभाऊ शोभला असता.

साहेबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मला मात्र सगळं लख्ख दिसलं. यंत्राला शिपाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी या घरात एक पुरुष होता, जो रोज चहा करायचा, कप विसळायचा, टीपॉय पुसायचा. म्हणून या घराला त्यानं घासणारे, पुसणारे पुरुष दाखवले. राज्यातल्या प्रत्येक नमुना घरात शिपाई आहे, आणि शिपाई म्हणजे बाप्याच. तीन वर्षं आम्ही समाज बदलतोय म्हणून ज्याचं कौतुक करत होतो, तो आमचा शिवदास होता.

मी हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं आणि मग हसू थांबलं, पाणी थांबेना.

“देवरेबाई, शिवदास सोमवारी येतोय,” भामरेसाहेब हळू आवाजात म्हणाले. “सगळं पहिल्यासारखं होईल. कशाला वाढवायचं?”

“साहेब, लोकांच्या घरात शिवदास नाही.”

“मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय हो,” ते म्हणाले. माणूस वाईट नाही. नुसता दमलेला आहे, माझ्यासारखाच.

दाखल्यावर हरकत घ्यायची तर मुंबईला मंडळापुढे सुनावणी लागते. तिथे एका खऱ्याखुऱ्या घराची नोंद मांडावी लागते, आणि ती उघडायला घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची संमती. पल्लवी म्हणाली, “माझे सासरे मला उभी चिरतील.” सचिन भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. राहिले मी.

पंकजला जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“म्हणजे आपल्या घरात कोण काय करतं, ते चारचौघांत मांडणार?”

“चारचौघांत नाही. मंडळापुढे.”

“एकच ते! हर्षला, मी तुला कधी नोकरी सोड म्हटलंय? कधी हात उगारलाय? रविवारी चहा मी करतो.”

“करतोस.”

“मग? हे असलं बाहेर गेलं तर मी बँकेत तोंड कसं दाखवू? लोक म्हणतील, देवरे बायकोला राबवतो.”

“लोकांच्या घरात काय वेगळं आहे?”

“मग त्यांचं उघड ना! आपलंच का?”

तो चुकीचं बोलत होता असंही नाही. तो इतरांपेक्षा चांगलाच आहे, आणि चांगल्या माणसाशी भांडण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

“ओवी भांडेनाशी झालीय, पंकज,” मी म्हणाले.

“बरं झालं की!”

“तुला खरंच बरं वाटतं?”

तो ओवीकडे बघत राहिला. ती सगळ्यांच्या आधी जेवून उठली होती आणि अर्णवचं ताट स्वतःच्या ताटावर ठेवत होती. पंकजनं नजर खाली घातली, पण मान हलवली ती नाहीच म्हणून.

सही पहिली केली ती सासूबाईंनी. मला अपेक्षाच नव्हती.

“मी दुपारभर एकटी असते टीव्हीसमोर,” त्या म्हणाल्या. “माझ्या जाहिरातीत एक म्हातारी असते. माझ्यासारखाच अंबाडा, माझ्यासारखाच चष्मा. ती सदानकदा गुडघे धरून बसलेली. नाहीतर सुनेला लोणच्याची कृती सांगते आणि दाराकडे बघत बसते. अगं, मी चाळीस वर्षं पोस्टात नोकरी केली. तिला कधी कुणी पोस्टात का नाही धाडत? माझे गुडघे दुखत नव्हते हर्षला. आता दुखतात.”

पंकजनं ते ऐकलं. दोन दिवस धुसफुसत काढले आणि मग कागद माझ्यापुढे टाकला. “केलीय सही. पुन्हा मला काही सांगू नकोस,” म्हणाला. त्यानंतर घरात आमचं बोलणं भाजी, दूध आणि अर्णवची फी एवढ्यापुरतं उरलं. मी टीव्हीची पिन काढून ठेवली.

सुनावणीला कंपनीतर्फे ओक नावाचा अभियंता आला होता. तिशीतला, नम्र, सारखं ‘मॅडम’ म्हणणारा. अध्यक्षबाईंनी त्याला सरळ विचारलं, “या घराला यंत्र अशाच जाहिराती का दाखवतं? कुणी सांगितलंय त्याला?”

“कुणी नाही, मॅडम. आरशाला बाई काय, पुरुष काय, दोन्ही सारखेच. तो प्रत्येक घरात सगळं करून बघतो. या घरातही कढई घासणारा पुरुष दाखवून बघितला होता. मागच्या वर्षी.”

“मग?”

“घरात वाद झाला.”

त्यानं बटण दाबलं. माझ्या घरातले आवाज त्या एसीच्या खोलीत आले. आधी पंकज हसत म्हणाला, “हा बघा बायकोचा बैल.” मग मी काहीतरी फणकारून बोलले, आज भांडी तूच घास, असं. मग तो, मग मी, आवाज चढत गेले, अर्णव मध्ये पडला. मला ते भांडण आठवलं, पण ते जाहिरातीवरून सुरू झालं होतं हे आठवत नव्हतं. मग सगळे गप्प झाले. आणि मग माझा आवाज आला, इतका थकलेला की मला कुणी दुसरीच बाई वाटली.

“जाऊ दे. मीच करते.”

नळाचा आवाज आला. ओकनं नोंद थांबवली.

“हे वाक्य, मॅडम,” तो म्हणाला. त्याला बोलताना लाज वाटत होती, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. “आम्ही शिकवलेलं नाही. यंत्राला ते लाखो घरांत आपोआप सापडलं. हे वाक्य उच्चारलं गेलं की घर शांत होतं. शांत घर खरेदी करतं. म्हणून आरसा अशा गोष्टी रचतो, ज्यांत हे वाक्य आधीच म्हटलं गेलेलं असतं. वादच होत नाही.”

“आणि लहान मुली?” मी विचारलं. मला बोलायची परवानगी नव्हती, तरी विचारलं.

“मुली ते लवकर उचलतात, मॅडम,” तो म्हणाला आणि कागद चाळू लागला.

दाखला रोखला गेला. शिपाई, नमुना घरं, सगळ्याची चौकशी लागली. मी जिंकले म्हणायचं. निकालाच्या शेवटी मात्र एक शिफारस होती. घराघरांतलं वागणं बदललं की यंत्रही बदलेल, तेव्हा मंडळानं गृहिणींसाठी जनजागृती मोहीम राबवावी आणि तिची जबाबदारी श्रीमती देवरे यांच्याकडे द्यावी.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे हेही आम्हीच करायचं! वाक्य आमचं, चूक आमची, सुधारणाही आमचीच. परतीच्या बसमध्ये कसाऱ्याचा घाट लागेपर्यंत मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्यापुढे तेवढाही दम उरला नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या. पंकज आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. निकाल काय लागला, त्यानं विचारलं नाही. स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर. कॉफी करायला अर्णवनं ठेवलं होतं आणि तो तिथून निघून गेला होता. ओवी डायनिंग टेबलाशी वही उघडून बसली होती.

“अर्णव,” मी हाक मारली, “तू सांडलंयस, ये आणि पूस.”

“हो, आलो. पाच मिनिटं.”

मी पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. दूध टपटपत होतं. मी पुन्हा हाक मारली.

“आलो म्हटलं ना!”

“अगं, पुसेल तो,” आतून पंकज म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य.

ओवीनं पेन खाली ठेवलं. दुधाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एक उसासा सोडला. अकरा वर्षांच्या पोरीचा नव्हता तो, माझा होता.

“जाऊ दे ना आई,” ती म्हणाली. “मीच करते.”

ती उठून फडकं घ्यायला निघाली. मी तिचं मनगट धरलं.

“तू नाही करायचं.”

“मग तू करणार?”

“मीही नाही.”

“मग कोण?” ती खरोखरच गोंधळली होती. “आई, मुंग्या येतील.”

“येऊ देत.”

“आजी चिडेल.”

“चिडू दे. बस इथे.”

तिला घेऊन मी तिथेच खाली बसले, दुधापासून हातभर अंतरावर. अर्णवच्या खोलीतून गाण्याची धडधड येत होती. पंकजची खुर्ची एकदा करकरली आणि पुन्हा गप्प झाली. दूध फरशीच्या फटीतून आमच्याकडे सरकत होतं. माझी कंबर भरून आली होती, पाय मात्र उठायला बघत होते, आणि त्यांना दाबून धरायला सगळं अंग लागत होतं. माझ्या मुठीत ओवीचा हात चुळबुळत होता, सुटून त्या फडक्याकडे जायला बघत होता. मी तो सोडला नाही.